इसाकची सही

“आजही आला,” डॉ. झोलेका म्हणाल्या. “चाराला दोन मिनिटं कमी असताना. कालच्यापेक्षा चार मिनिटं आधी.”

इसाकने मान हलवली. अठरा दिवसांपूर्वी तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा संध्याकाळचे पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

“तारे असेच उगवतात, रोज चार मिनिटं आधी. पंचवीस वर्षं आभाळाला कान लावून बसलेय मी. तिकडे कुणीतरी आहे, इसाक. सोमवारी जगाला सांगायचं. फक्त तुझी सही हवी.”

कारूच्या ओसाड माळावरच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या ताटल्या इतक्या तिखट कानाच्या, की वीस किलोमीटरवरचा फोनही त्यांना ऐकू जाई. म्हणून आसपासच्या वस्त्यांत फोन नाही, मायक्रोवेव्ह नाही, असा नियम. नियम मोडणारा शोधायचं काम इसाक स्नायर्सचं. गाडीवर अँटेना लावून तो दारोदार फिरे. परिसर स्वच्छ असल्याची त्याची सही झाल्याशिवाय कुठलाही आवाज आभाळातला मानला जात नसे.

त्याने सहीच्या कागदाची घडी करून खिशात घातली. “उद्या देतो.”

“उद्या का? फेरी झाली ना?”

“एक घर राहिलंय.”

राहिलेलं घर त्याचं स्वतःचं होतं.

ईस्टरला बहीण शहरातून आली ती आईसाठी मायक्रोवेव्ह घेऊन. पाहुणी गेल्यावर त्याने पाहिलं, तर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात क्रोशाच्या रुमालाखाली ती पेटी तशीच. “काही विचारायचंय का?” आईने विचारलं होतं. “नाही,” तो म्हणाला होता. संधिवाताने तिची बोटं वाकडी झाली होती. चुलीत लाकूड सारतानाही ती कळवळे. म्हणून त्याने डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं.

आणि त्याच्या महिनाभर आधीच शेजारच्या ड्रीनाकाकूचा मायक्रोवेव्ह त्याने सगळ्या आळीसमोर उचलून नेला होता. वर नियमांवर भाषणही ठोकलं होतं. ते भाषण आता आठवलं की त्याचे कान तापायचे.

गेल्या रविवारी तो घरीच लोळत होता. चार-सव्वाचारला आतून त्या पेटीच्या दाराचा ‘टक’ असा आवाज आला. थोड्या वेळाने आई कॉफी आणि टोस्ट घेऊन बाहेर आली. सोमवारी कचेरीत त्याने रविवारची नोंद बघितली. वेळ तीच होती.

गाडीवरचं यंत्र घरात आणून तपासायचं म्हणजे आईवर पाळत ठेवायची. ते त्याच्याने झालं नाही.

सकाळी तो अंडी काढायला गेला. खुराड्याच्या दाराला आईने पांढऱ्या वायरीची गाठ मारलेली असे. ती सोडताना थंडीने त्याची बोटं बधिर झाली.

“ड्रीना सांगत होती, वरनं कुणी बोलतंय म्हणे,” आई दारातून म्हणाली. “खरंच असतील का रे कुणी तिकडे?”

“नसावेत.”

“असले तर बरं. आले खाली तर कॉफी देऊ. आपल्या दारातून कुणी उपाशी गेलंय का कधी?”

त्याने अंडी तिच्या हातात दिली. तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

कचेरीत सगळे जमले होते. इसाकने तो बिनसहीचा कागद टेबलावर ठेवला.

“मला सही करता येणार नाही. माझ्याच घरात मायक्रोवेव्ह आहे.”



“कधीपासून?” झोलेकाबाईंनी विचारलं.

“ईस्टरपासून.”

“आणि तुला ठाऊक होतं.”

“होतं.”

“वेळ जुळते?”

“रविवारची जुळते. मी कानांनी ऐकलंय.”

“मग रोज चार मिनिटं आधी कसा?”

“थंडी वाढली तशी आई दुपारची लवकर उठते. कॉफीपण लवकर होते.”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. झोलेकाबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

“सोमवारी जगासमोर माझी काय शोभा झाली असती,” त्या एवढंच म्हणाल्या.

पुढचं नियमाप्रमाणे झालं. जमिनीवरचा आवाज कुणी साठवून ठेवत नाही. दुपारपर्यंत एकोणीस दिवसांच्या नोंदी पुसल्या गेल्या आणि ताटल्या दुसऱ्या कामाला वळल्या. आभाळाच्या त्या तुकड्याची पाळी पुन्हा नऊ वर्षांनी येणार होती. आवाजाचं कारण इसाकनेच लिहिलं, ‘घरगुती मायक्रोवेव्ह’, आणि खाली सही केली.

बातमी त्याच्याआधी आळीत पोचली होती. ड्रीनाकाकू पायरीवर बसली होती.

“काय इसाक? लोका सांगे ब्रह्मज्ञान?”

पुढचं तिने म्हटलं नाही. तो मान खाली घालून घरात शिरला आणि थेट कोपऱ्यात जाऊन त्याने रुमाल ओढला.

“हा बाहेर टाकतोय, आई.”

“अरे थांब, आतले टोस्ट तरी काढू दे.” तिने दार उघडलं. टक. पेटी वरपर्यंत टोस्टनी भरलेली होती. “उंदरांनी नुसता उच्छाद मांडलाय. एवढ्या एकाच दारावर त्यांचे दात चालत नाहीत.”

इसाकने पेटी फिरवली. मागे दोन बोटं लांबीचं वायरीचं थोटूक होतं.

“याची वायर?”

“ती कापली की, तुझी बहीण गेल्या गेल्या. तुला चारचौघांत मान खाली घालावी लागेल असं मी कशाला करीन?” आई टोस्ट परातीत काढत म्हणाली. “खुराड्याला बांधलीय. रोज सकाळी तूच तर सोडतोस.”