मिठाचा भोपळा

"गोड आहे," सासूबाई म्हणाल्या आणि चकती चावत राहिल्या.

सासऱ्यांनी टाळीच वाजवली. गॅलरीच्या कठड्यावर चढलेल्या वेलीचा हा पहिलावहिला भोपळा. बी कुणी दिलं, कसलं दिलं, कुणाला पत्ता नव्हता. दुधी म्हणावा तर कमरेत असा आवळलेला, की दोरी बांधून वाढवलाय असं वाटावं. असला अनोळखी भोपळा चाखल्याशिवाय चिरायचा नसतो, कडू निघाला तर जेवणाचं विष होतं. म्हणून सासरे सकाळपासून ओट्याशी लुडबुडत होते. निवाडा अर्थात सासूबाईंचा. दुरून नुसत्या वासावर "जिरं जळलं" म्हणून आचाऱ्याला धारेवर धरणारी बाई ती!

"बघ, हिची जीभ म्हणजे हायकोर्ट," सासरे सुनेला म्हणाले. "चल, चिर आता."

सुनेनं सुरी घेतली. पण लागतो तरी कसा हा, म्हणून आधी एक चकती आपल्याही तोंडात टाकली.

अरे देवा! जीभ आतल्या आत वळली. ती सिंककडे धावणार, एवढ्यात तिची नजर सासूबाईंवर गेली. त्या अजून चावत होत्या, अगदी शांतपणे.

मागच्या महिन्यात त्यांना ताप येऊन गेला होता. तेव्हापासून भाजी कधी अळणी, कधी खारट. कुणी बोललं तर "तुमच्याच तोंडांना काय झालंय?" म्हणून उलट त्याच सुनावायच्या. सासू-सुनेचं सख्य तसं विळ्या-भोपळ्याचं. सुनेला वाटलं होतं, आपल्यावरचा राग बाई भाजीवर काढताहेत.

सासूबाईंनी सुनेचा चेहरा पाहिला. त्यांचं चावणं थांबलं.

"आण, मीपण बघतो," सासऱ्यांनी हात पुढे केला.

"बाबा!" सून घास गालात धरून कशीबशी म्हणाली, "वेलीवर अजून किती धरलेत ते आधी बघून या ना!"

वेलीचं नाव काढलं की सासऱ्यांना दुसरं काही सुचत नसे. गेले ते.

"आई, थुंका आधी. गिळलं नाही ना?"

"नाही." दोघी पाठोपाठ सिंकवर वाकल्या, चुळा भरल्या. "कडू आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"जहर आहे नुसतं."

"मला ओलं लागलं," सासूबाई म्हणाल्या. "सगळंच ओलं लागतं, नाहीतर कोरडं. डॉक्टर म्हणतात, चव येईल हळूहळू. आणि नाही आली तर?" ओट्याची कड त्यांनी घट्ट धरली होती. "यांना सांगणार आहेस?"

"मी कशाला सांगू?"

"मग काय करू गं मी या स्वयंपाकघरात? भांडी मोजत बसू?"

त्यांचे डोळे भरून आले. या बाईला आपण इतके दिवस घाबरत होतो, याचं सुनेला नवल वाटलं. जवळ घ्यावंसं वाटलं, पण तशी सवय दोघींनाही नव्हती. तिनं भोपळाच हातात घेऊन उगाच फिरवला.

"आई, या कडू भोपळ्याचं करतात तरी काय?"

"काय म्हणजे?" सासूबाईंनी पदराच्या टोकानं नाक पुसलं. "कडूच तर टिकतो. किडासुद्धा तोंड लावत नाही. पण असा कोवळा तोडायचा नाही, वेलीवरच वाळू द्यायचा. हलवला की आतल्या बिया वाजल्या पाहिजेत. मग तोंड कापायचं, आतून खरवडायचा. माझी आई त्यात मीठ ठेवायची. दमट हवेतसुद्धा कधी ओलं झालं नाही."

"मग वेलीवरचे तसेच ठेवू. आपणही करू मिठाचा भोपळा."

"तुला नाही जमायचं," सासूबाई म्हणाल्या. "खरवडताना फोडशील."

"मग तुम्ही खरवडा."

तेवढ्यात सासरे परतले. "अगं, ढीगभर लागलेत! हा चिरला का?"

"कडू आहे," सासूबाई म्हणाल्या.

"मगाशी तर गोड म्हणालीस!"

"तुमचं मन राखलं हो."

"माझं? तू?" सासरे इतके हरखले की भोपळ्याचं दुःख विसरून वेलीला ही बातमी सांगायला निघून गेले.

गॅसवर कोबी शिजत आला होता. सासूबाईंनी मिठाची बरणी ओढली आणि चमचा भरला. हात पातेल्यावर आला आणि तिथेच थांबला.

"घालते मीच," त्या सुनेकडे न बघता म्हणाल्या. "पुरे कधी, ते तू म्हण."