जबाब

तुरुंगाच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी शिपायाला बाहेर पाठवलं आणि दार आतून लावून घेतलं. नवा कायदा लागू झाला होता. कैद्याच्या अंगावर माराच्या खुणा दिसल्या, तर डॉक्टरने त्याचा जबाब एकट्याने घ्यायचा आणि कागद थेट बाहेरच्या समितीकडे पाठवायचा.

समोर बसलेल्या कैद्याचा एक डोळा सुजून बंद झाला होता. दोन बरगड्या मोडल्या होत्या.

"कोणी मारलं?"

"घसरून पडलो, मॅडम."

"हे बघ, शिपाई बाहेर आहे. आता कायदा तुझ्या बाजूने आहे. घाबरतोस कोणाला?"

"शिपायाला नाही घाबरत," तो मान खाली घालून म्हणाला. "मागच्या वर्षी माझा हात मोडला होता, तेव्हा याच स्टुलावर बसून मी तुम्हाला नाव सांगितलं होतं. तुम्ही 'घसरून पडला' असं लिहिलंत. बराकीत परत गेलो, तर दुसराही हात मोडला."

बाईंना तो दिवस आठवला. तुरुंगाधिकारी शेजारीच उभे होते. त्यांनी बाईंसाठी चहा मागवला होता.

बाईंनी जबाबाचा कागद पुढे ओढला. शेवटच्या रकान्यात दोषी कर्मचाऱ्यांची नावं लिहायची होती. तिथे त्यांनी आधी स्वतःचं नाव लिहिलं, पुढे मागच्या वर्षीची तारीख घातली आणि कागद त्याच्यापुढे धरला.

"वाचा," त्या म्हणाल्या. "आता दुसरं नाव तुम्ही सांगा."