जावेचा पानमळा

“उपसाबंदी सगळ्यांनाच हाय ना साहेब? मग माझा पानमळा वाळला आन् जावेचा हिरवागार कसा?” सोजरने पाटबंधारे खात्याच्या कचेरीत तक्रार लिहून दिली. धरणात पिण्यापुरतंच पाणी उरल्याने नदीवरच्या साऱ्या मोटारींना महिन्यापूर्वी सील लागलं होतं. दोघी जावांचे मळे बांधाला बांध लागून होते आणि धाकट्या गिरजाची ती टवटवीत पानं सोजरच्या डोळ्यांत सलत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कालवा निरीक्षक सोजरला घेऊन नदीवर गेले. गिरजाच्या मोटारीचं सील जसंच्या तसं होतं. ती आणि तिचा नवरा डोहातून घागरी भरून चढण चढत होते. वळणावर त्याने तिची घागर काढून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि काहीतरी बोलला. गिरजा खळखळून हसली.

“हातानं नेलेल्या पाण्याला बंदी नाही, बाई,” निरीक्षक म्हणाले. “तुम्हीही न्या की. घरी माणूस आहे ना?”

सोजरचा माणूस अजून अंथरुणात होता. मळा वाळल्याचं त्याने बघितलंही नव्हतं.

“मग ही तक्रार फाडून टाकू?”

तिने मान डोलावली, पण नजर काही त्या दोघांवरून हलेना. कालपर्यंत तिला जावेच्या पाण्याचा हेवा वाटत होता. आता नदी दुथडी भरून वाहिली असती, तरी तिचा हेवा गेला नसता.