अमृताची सही

“यह अमृता कौन है?”

परीक्षक बाईंनी फाइलीतून मान वर न काढता विचारलं. बारावीच्या शारीरिक शिक्षणाची प्रॅक्टिकल परीक्षा चालू होती. उज्जैनच्या माधव नगरातल्या शाळेच्या मैदानावर, कडुनिंबाखाली सतरंजी अंथरली होती. विषय घेतलेल्या पाच मुलींपैकी चौघींचं आटोपलं होतं. आता मधुरा उरली होती. उरणं तिच्या अंगवळणीच पडलं होतं.

“मेरी पार्टनर, मॅडम,” ती म्हणाली.

पाच हा आकडाच मुळात वाईट. सिटअप्स काढताना समोर बसून पार्टनरने पाय घट्ट धरायचे असतात. तिनेच मोठ्याने मोजायचं असतं, आणि फाइलीत ‘मोजणाऱ्याचं नाव’ या रकान्यात सहीही तिनेच करायची असते. मधुराच्या बाबांची बँकेतली बदली जळगावहून उज्जैनला झाली ती मधुरा अकरावीत असताना, ऑगस्टमध्ये. तोवर दोन जोड्या जुळून घट्ट झाल्या होत्या. “हमारी तो सेट है यार,” तेजस्विनी म्हणाली होती. वाईट बुद्धीने नव्हे, पण म्हणाली खरी. खेळाचे सर मुलांच्या कबड्डीत गुंतलेले. ते म्हणाले, “आपस में देख लो.”

मधुराने आपापसात पाहिलं. म्हणजे एकटीनेच पाहिलं. लोखंडी बाकाखाली पाय अडकवून सिटअप्स काढले, मनात मोजले आणि रकान्यात लिहिलं, अमृता. सहीच्या शेवटी एक छानशी शेपटीही काढली.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं. पण पार्टनरचेही आकडे लिहावे लागतात. मग अमृता धावण्यात पक्की झाली आणि सिटअप्समध्ये कच्ची राहिली. डिसेंबरात तिचा पाय मुरगळला. मार्चमध्ये तिला ऊन बाधलं. हे सगळं फाइलीत सुवाच्य अक्षरात होतं, कारण सर न वाचताच सही ठोकत. घरी आईलाही अमृता ठाऊक होती. दर शनिवारी आई तिच्यासाठी वेगळ्या डब्यात शंकरपाळे द्यायची. सायकल स्टँडच्या मागे उभी राहून मधुरा ते खायची आणि संध्याकाळी सांगायची, “आवडले म्हणाली.” आई खूश व्हायची. मधुराला फार वाईट वाटायचं.

“बुलाओ उसे,” मॅडम म्हणाल्या.

पायरीवर बसलेल्या चौघी वळल्या. तेजस्विनी तर उठून उभीच राहिली. “मॅडम, हमारे यहाँ तो कोई अमृता है ही नहीं.”

मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मधुराने मान खाली घातली. प्रॅक्टिकल गेलं. पुढे याच विषयाच्या कॉलेजात जायचं तिने ठरवलं होतं, तेही गेलं. पण त्याहून वाईट वेगळंच होतं. उद्या अख्ख्या शाळेला कळणार होतं की हिला एकही मैत्रीण मिळाली नाही, म्हणून हिने एक बनवली. त्यापेक्षा नापास होणं परवडलं असतं.

मॅडमनी चष्म्यावरून चौघींकडे पाहिलं. “तुम्हारा हो गया ना? चलो, मैदान के चार चक्कर. दौड़ के!”

चौघी कुरकुरत पळाल्या. मॅडमनी फाइलीवरचं नाव वाचलं, मधुरा विसपुते. “मराठी आहेस काय? मग मराठीतच बोल. मी पण मराठीच, देवासची उषा कर्णिक. चल, झोप सतरंजीवर.”

मॅडम साठीला टेकलेल्या होत्या आणि गुडघ्याला पट्टा होता. झाडाला हात लावत त्या कशाबशा खाली बसल्या आणि त्यांनी मधुराचे दोन्ही पाय घोट्याजवळ घट्ट धरले. दीड वर्षात पहिल्यांदाच कोणीतरी धरले होते. मधुराने हात मानेमागे घेतले आणि ती उठली.

“एक,” मॅडम मोठ्याने म्हणाल्या. “दोन. पूर्ण वर ये, असं नाही चालणार. तीन.”

मिनिटभरात अडतीस झाले. बाकाखाली कधी तिसाच्या वर गेले नव्हते.

“अडतीस लिहिते,” मॅडम धापा टाकत म्हणाल्या, जणू सिटअप्स त्यांनीच काढले होते. “पण फाइलीचे मार्क गेले तुझे. सगळे गेले. खोटी फाइल मी नाही पास करत.”

“हो, मॅडम.” मधुरा घुटमळली. “तेजस्विनी बोलली म्हणून कळलं ना तुम्हाला?”

“अगं, तिच्या आधीच कळलं. खऱ्या पार्टनरबद्दल कोणी इतकं लिहितं काय? त्या चौघींच्या फाइली बघ, नुसते आकडे आहेत.”

“मग बोलवायला का सांगितलंत?”

मॅडमनी मान वर केली. मैदानाच्या पलीकडे चौघी दोन दोनच्या जोडीने धावत होत्या.

“वाटलं, असेलही खरंच. असती तर किती बरं झालं असतं.” त्यांनी आजच्या ‘मोजणाऱ्याचं नाव’ रकान्यात स्वतःची सही केली आणि फाइल तिच्या हातात दिली. “ही घे तुझी अमृता. तुझ्या वयात मीही एक बनवली होती, कुमुद.”