रविवारची खडखड

नजर अधू झाली तसं सासऱ्यांनी गॅरेज बंद केलं, पाठोपाठ बोलणंही. तेव्हापासून दर रविवारी मी घरच्या घरी गाडीत खुडबुड करते, आणि नंतर इंजिन हमखास आवाज करतं.

आजही खडखड ऐकून ते भिंत चाचपत अंगणात आले. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, त्याची मूठ कानाला लावून ऐकलं.

"सायलेन्सरवरच्या पत्र्याचा बोल्ट सैल आहे. हात आहेत का पाय गं तुझे?"

मी बोल्ट आवळला. आवाज थांबला.

फडक्याला हात पुसून ते आत निघाले, आणि दारात थांबले.

"सूनबाई, आजचं फारच सोपं होतं. पुढच्या रविवारी जरा अवघड काहीतरी सैल कर. ब्रेक सोडून."