मशीनमागचा नाग

"घर विकायचं," दारात बॅग टेकवता टेकवताच मुलाने जाहीर केलं. "आजच्या आज तू माझ्याबरोबर चल."

आई कुणाच्या तरी झग्याची काजं करत होती. तिने दोरा दाताने तोडला आणि त्याला बसायला सांगितलं.

आतल्या खोलीत शिलाई मशीनमागे पुन्हा नाग निघाल्याचं शेजारणीने कळवलं, तसा तो तडक निघून आला होता. महिन्याभरातला हा चौथा. एवढे तर लोकांकडे पाहुणेही येत नाहीत.

तेवढ्यात सर्पमित्र आला. पिकल्या मिशांचा विधुर, शर्टाला कडक इस्त्री. "बाई, तुम्ही बाहेरच थांबा," म्हणत तो खांद्यावरची पिशवी सावरत आत गेला आणि नेहमीप्रमाणे त्याने दार लावून घेतलं.

इकडे आईने मुलाचीच शिकवणी घेतली. नाग फणा काढतो तो रागाने नव्हे, घाबरून. 'लांब राहा बाबा' एवढंच त्याचं म्हणणं. विष त्याने उंदरांसाठी राखलेलं असतं, माणसांवर उधळायला ते काय वर आलंय? बोलताना तिचा चेहरा असा फुलला होता की मुलाला वाटलं, धास्तीने हिचं डोकं फिरलं.

दार उघडलं. पिशवीचं तोंड घट्ट बांधलेलं, आत वेटोळं हलत होतं. आईने चहाचा कप पुढे केला.

हे थांबणार कधी, असं मुलाने विचारलं.

"जागा मानवली की तो फिरून येतोच," सर्पमित्र कपात बघत म्हणाला. "स्वभाव आहे."

"मग झालंच." मुलाने दलालाला लावायला फोन काढला.

आईने सुई खाली ठेवली.

"राहू दे. या घरात साप कधी निघालाच नाही. मी खोटे फोन करते. हे येतात, चहा घेतात, नागाच्या चार गोष्टी सांगतात. संध्याकाळ बरी जाते. नुसतंच 'या' कसं म्हणायचं माणसाला?"

मुलाचा जीव भांड्यात पडला. पण पिशवीतून फूत्कार आला, तसा तो भांड्यातून पुन्हा बाहेर आला.

"आणि हा?"

आईनेही सर्पमित्राकडे पाहिलं; हा प्रश्न कधीपासून तिच्याच ओठांवर असल्यासारखं.

सर्पमित्राचे कान लाल झाले.

"हा माझाच," तो म्हणाला. "पिशवीतून आणतो, पिशवीतून नेतो."