स्पंजचा फिल्टर

मुरुडच्या मत्स्यालयाच्या दुकानात दिपाली पुन्हा आली. घरच्या काचेच्या टाकीत तिने गोड्या पाण्यातल्या नखाएवढ्या लाल कोळंब्या पाळल्या होत्या. पहिल्या फिल्टरने त्यांची पिल्लं आत ओढून घेतली, म्हणून दुकानदार विनेशने तिला हळू चालणारा स्पंजचा फिल्टर दिला होता. महिनाभर सगळं ठीक होतं.

"आज सकाळी बघते तर एक पण जिवंत न्हाय," ती म्हणाली. "यापेक्षा चांगला फिल्टर असेल तर दे, दादा."

"फिल्टर बिघडला तर एकेक करून मरतात, ताई. सगळ्या एकदम जात नाहीत. पाणी कधी बदललंत?"

"काल संध्याकाळी. आमच्या विहिरीचंच, थोडंसं."

"विहिरीजवळ कोणी औषध मारलंय काय?"

"शेजारच्या वाडीत नारळांवर मारतात. फवारणीचे पंप विहिरीवरच धुवत होते काल."

काढायला घेतलेला नवा खोका विनेशने परत फळीवर ठेवला. "या कोळंबीला औषधाचा थेंबही सोसत नाही. ती सगळ्यात आधी मरते. तुम्ही प्यायला कुठलं पाणी घेता?"

दिपालीने झटकन मोबाइल काढला. तिने घरी फोन लावला. सासूने उचलला.

"आई, हंड्यातलं विहिरीचं पाणी कोणी पिऊ नका."

"मीच तुला फोन करणार होते," सासू म्हणाली. "तू गेल्यापासून तुझी छोटी ओकतेय. काय पोटात राहत न्हाय तिच्या. मघापासून मीठ-साखर घालून नुसतं पाणीच पाजतेय तिला."